गाणे थांबले की पळायचे

मित्रांनो, मी जुना आहे आणि मी कर्णा आहे. या दोन्ही गोष्टी तुम्ही स्वतः तपासून पाहू शकता. माझ्या ओठाच्या उजव्या बाजूला एक खोल पोचा आहे. तोही तपासावा. तो पडला त्याला कितीतरी वर्षे झाली, पण त्या दिवशी जे घडले ते माझ्या पत्र्याला अजून पटलेले नाही. तोपर्यंत माझ्या गप्प होण्यावर एकशे साठ माणसांचे जीव अवलंबून होते. वाजण्यावर नव्हे, गप्प होण्यावर. हे नीट ध्यानात ठेवा.

कर्ण्याला ऐकू कसे येते, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. माझ्या पाठीशी एक डबी आहे आणि तिच्यात कागदासारखा पातळ पडदा आहे. वीज आली की पडदा हलतो आणि मी बोलतो. पण समोरून आवाज आला तरी तोच पडदा हलतो, आणि तारेत अगदी क्षीण वीज उमटते. म्हणजे ज्याला बोलता येते त्याला ऐकूही येते. यात चमत्कार नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहता येईल.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या सपाट चकतीला फिरत्या साच्यावर दाबून माझे तोंड घडवले. पेंढ्यात गुंडाळून, खोक्यात बसून मी रेल्वेने परळी वैजनाथला उतरलो आणि तिथून बैलगाडीने धारूरच्या पलीकडे, बालाघाटाच्या उतारावरच्या एका गावात आलो. मला गावच्या सहकारी सोसायटीने विकत घेतले होते. चेअरमन विठ्ठलराव यांचे म्हणणे असे, की वार्षिक सभेत मागच्या माणसाला भाषण ऐकू आले पाहिजे. सोबत एक ॲम्प्लिफायर, एक माईक, बारा व्होल्टची एक बॅटरी आणि तबकड्या वाजवायचे यंत्र होते. परळीला तेव्हा विजेचे केंद्र उभे राहत होते, पण आमच्या गावाला तारा नव्हत्या. म्हणून बॅटरी. सभा वर्षातून एकदा होई. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मी खतांच्या पोत्यांवर उपडा पडून असे.

मग बहात्तर साल आले आणि पाऊस आला नाही. दिवाळीनंतर गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचे काम सुरू झाले. पायाची माती खोदायला आणि खडी फोडायला एकशे साठ माणसे येऊ लागली. त्यांत निम्म्याहून अधिक बाया. विठ्ठलराव म्हणाले, "कर्णा पडून काय करतोय गोडाऊनात? कामावर लावा. गाण्यानं हात हलतो." मला तलावाच्या कडेच्या टेकाडावर एका बाभळीला बांधले. बाभळीखाली दगडांची कंबरभर भिंत रचून तिच्या आड सोसायटीचा कारकून राधाकिशन यंत्र घेऊन बसू लागला. माईक मात्र विठ्ठलरावांच्या कपाटात कुलपातच राहिला. तो भाषणासाठी होता, आणि कामावर भाषण नव्हते.

ते वर्ष गावरान गाण्यांचे होते, मित्रांनो. महिन्याला एखादी तरी नवी छोटी तबकडी धारूरच्या बाजारात येई आणि आठवड्यात ती सगळ्यांच्या तोंडी होई. कामावर एक रीत पडली. मुकादम प्रत्येक टोळीला मापून एक चौकडी, म्हणजे खोदायचा एक चौकोनी खड्डा, आखून देई. ज्या टोळीची चौकडी दुपारच्या भाकरीआधी पुरी होईल, तिने गाणे मागायचे. त्याला सगळे फर्माईश म्हणत. राधाकिशनने वही केली आणि कोणते गाणे किती वेळा वाजले याच्या रेघा तो ओढू लागला. तिसऱ्या क्रमांकावर कासाराचे एक गाणे होते, दुसऱ्यावर ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याचे. पहिल्या क्रमांकावर कोण राहणार, याबद्दल दुसऱ्याच महिन्यात कोणाला शंका उरली नाही.

माझ्या शेळीच्या गळ्यात घुंगुर गं,
तिच्या मागं फिरतंया डोंगुर गं.

गाण्यात विशेष काही नव्हते. लांबी तीन मिनिटे आठ सेकंद. एक हलगी, एक पेटी, एका बाईचा चढा आवाज. पण शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरांतल्या बायांनी ते उचलून धरले, आणि त्यांत सगळ्यांत पुढे भामाबाई. तिच्या सात शेळ्या पाण्यावाचून धारूरच्या बाजारात गेल्या होत्या. हातात काठी होती तिथे कुदळ आली होती. तिची टोळी चौकडी आधी पुरी करी ती या गाण्यासाठी.

"भाऊ, शेळी लावा," ती खालून ओरडे.

"सकाळी लावली की, भामाबाई."

"सकाळी चरायला गेलती. आता परत येऊ द्या!"

तिची थोरली जाऊ दगडाबाई शेजारीच खडी फोडी. ती कपाळाला हात लावी. "भामे, शेळ्या गेल्या आन पीडा ठेवून गेल्या बग. त्या घुंगरानं माझं डोकं उठलंय."

"आक्का, तुमी कापूस घाला कानात."

"घालते. आन सुरुंग उडाला म्हंजे तू ये मला सांगाया."

सुरुंगाचे आता सांगतो. टेकाडाच्या पलीकडे दगडाची खाण होती. तिथे सुग्रीव नावाचा माणूस दगडात भोके पाडून दारू भरी आणि वात पेटवी. त्याआधी तो शिट्टी फुंकी. मी आल्यापासून ती शिट्टी कोणाला ऐकू जाईना. एकदा स्फोट झाल्यावरच माणसांना कळले. इजा झाली नाही, पण सुग्रीव तडक बाभळीखाली आला.

"तुज्या शेळीपायी माझी शिट्टी मेली बे, राधाकिशन!"

"आवाज कमी करतो."

खालून पन्नास जणींनी एकदम हरकत घेतली. आवाज कमी करायचा नाही.

सुग्रीवने थोडा विचार केला. "मंग असं करू. मी काठीला लाल फडकं वर करतो. तू दिसलं की गाणं बंद कर. गाणं थांबलं की समद्यांनी बांधामागं पळायचं. मी शंभर मोजतो आन वात पेटवतो."

सर्वांना पटले. खरे सांगायचे तर मलाही पटले. यंत्र बिघडले तर काय होईल? मी गप्प होईन आणि माणसे विनाकारण पळतील. विनाकारण पळण्याने कोणी मरत नाही. हिशेब निर्दोष दिसत होता. त्यात फक्त माणसे धरलेली नव्हती.

साडेतीन महिने ही रीत चालली. मी थांबे, एकशे साठ माणसे घमेली टाकून बांधामागे पळत, खाणीत दणका होई, दगडांचा पाऊस पडे, आणि राधाकिशन सुई पुन्हा तिथेच ठेवी. दगडाबाई नेहमी सगळ्यांच्या पुढे असे. भामाबाई तिला हसे, पण तिच्या मागोमाग पळे.

आता बॅटरी. मित्रांनो, बॅटरीत आम्ल असते आणि पाणी असते. उन्हाळ्यात पाणी उडते आणि ते पुन्हा भरावे लागते. ते साधे पाणी चालत नाही. वाफ थंड करून केलेले, कोणताही क्षार नसलेले पाणी लागते. राधाकिशन धारूरच्या गॅरेजमधून त्याची काचेची बाटली आणी आणि दर सोमवारी बॅटरीची भोके उघडून चमच्याने भरी.

फेब्रुवारी संपता संपता एका सोमवारी दगडाबाई पाण्याचा घोट मागायला बाभळीखाली आली. तिने ती बाटली पाहिली.

"हे काय करतोस रे बाबा?"

"बॅटरीला पाणी घालतोय, आक्का."

तिने वाकून बाटलीतले पाणी पाहिले. मग तिचा आवाज चढला. "आमी दोन कोसावरनं हंडा आणतोत, त्यात बी निम्मा गाळ. आन तू खोक्याला पानी पाजतोस व्हय? एवढं निवळशंख! माज्या नातवाला असं पानी दिवाळीपासनं दिसलं न्हाई. लाज वाटू दे जरा."

राधाकिशनचे तोंड उतरले. हे पाणी प्यायचे नाही, हे यंत्राचे औषध आहे, यावर तुमच्याच पळण्याचा भरवसा आहे, एवढे सांगितले असते तर पुरे होते. दगडाबाई समंजस होती, ऐकले असते. पण त्या वर्षी स्वच्छ पाण्याची बाटली हातात धरून उभा असलेला माणूस कोणाला काय समजावणार? त्याने बाटली पिशवीत घातली. पुढच्या सोमवारी त्याने ती आणलीच नाही. टँकरचे गढूळ, खारट पाणी कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हते. तेच त्याने बॅटरीत ओतले. त्या पाण्याचा जो परिणाम होतो तोच झाला. आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर चढू लागला आणि बॅटरी दिवसेंदिवस दुबळी होत गेली.

मार्चच्या मध्यापासून मी भलत्याच वेळी थांबू लागलो. आधी तबकडी मंद व्हायची, गाणाऱ्या बाईचा आवाज जाड होत होत बाप्याचा व्हायचा, आणि मग काहीच नाही.

"शेळीचा बोकड झाला!" बाया ओरडायच्या, आणि तरीही पळायच्या. बांधामागे बसायच्या. काहीच उडायचे नाही. परत यायच्या. मुकादम चिडायचा, चौकडी राहिली म्हणून. राधाकिशन तारा हलवी, बॅटरीला थोडा विसावा देई, आणि मी पुन्हा सुरू होई. कधी आवाज जाड न होता एकदम तुटे. तेव्हा खरे आणि खोटे यांत काहीच फरक नसे.

मी मोजत होतो. तीन आठवड्यांत मी त्रेसष्ट वेळा थांबलो. त्यांपैकी बावीस वेळा सुरुंग होता, एक्केचाळीस वेळा बॅटरी. म्हणजे माझ्या दर तीन इशाऱ्यांतले दोन खोटे होते. पहिल्या आठवड्यात सगळे पळत. दुसऱ्या आठवड्यात माणसे आधी शेजाऱ्याकडे पाहत. तिसऱ्या आठवड्यात शेजारीही त्यांच्याकडेच पाहत असे. एकटी दगडाबाई प्रत्येक वेळी पळे.

"आक्का निघाल्या बगा ढुंगणाला पाय लावून!" भामाबाई म्हणे.

"हसा. आपलं काय जातंय पळायला?"

राधाकिशनने हे सारे पाहिले होते. तो विठ्ठलरावांकडे गेला. त्याचा आवाज मला टेकाडावरून ऐकू आला, कारण विठ्ठलराव त्या दिवशी कामाची पाहणी करायला आले होते.

"आबा, शिट्टी परत चालू करू. न्हाईतर माईक तरी द्या. मी तोंडानं सांगतो, सुरुंग हाय म्हणून."

"माईक उन्हात खराब होतो. नवी शिट्टी घेऊ, मोठी. पण ती सोसायटीच्या पैशातनं घ्यायची तर ठराव लागतो. गुरुवारी बैठक हाय, तिथं मांडतो."

"तोवर?"

"तोवर माणसांना डोळे हायत की, राधाकिशन."

गुरुवारची बैठक दुपारी चारला होती. त्याच गुरुवारी सकाळी भामाबाईच्या टोळीने चौकडी पुरी केली आणि तिने फर्माईश सांगितली. सांगण्याची गरज नव्हती. तबकडी यंत्रावरच होती.

दुसरे कडवे चालू होते. टेकाडापलीकडे काठीला लाल फडके वर आले. राधाकिशनने ते पाहिले आणि सुई उचलली. गाणे "तिच्या मागं फिरतंया" इथे तुटले.

दगडाबाई पळाली. तिच्यासोबत पंधरा-सोळा माणसे. बाकीच्यांनी कुदळी-हातोड्या खाली ठेवल्या, कंबरा सरळ केल्या आणि वर पाहिले. कोणीतरी म्हणाले, "गेली बॅटरी." आणि भामाबाई हसत टेकाड चढू लागली. माझ्याकडे. म्हणजे खाणीकडे.

"काय भाऊ! डोंगुर कुठं गेला आमचा? घाला की आत!"

"मागं फिरा!" राधाकिशन उभा राहून ओरडला. "खरा हाय! ह्या बारीला खरा हाय!"

मित्रांनो, राधाकिशनचा आवाज तीस हातांपलीकडे पोचत नसे. वारा उलटा होता. माझा आवाज दोन कोसांवर पोचत असे. मी त्याच्या डोक्यावर, हातभर अंतरावर, तोंड वासून टांगलेला होतो, आणि माईक कपाटात होता. मला त्या क्षणी एक शब्द पुरला असता. हे मी आजवर कितीदा ताडून पाहिले आहे. दरवेळी तोच निष्कर्ष निघतो आणि दरवेळी मी हबकतो.

सुग्रीव पलीकडे शंभर मोजत होता. त्याला मधल्या टेकाडामुळे माणसे दिसत नव्हती. त्याला फक्त शांतता ऐकू येत होती, आणि ती त्याने ठरवल्याप्रमाणेच होती.

बांधामागून दगडाबाईने मान वर केली. आपली जाऊ दिसेना म्हणून तिने इकडेतिकडे पाहिले, आणि ती टेकाडावर दिसली. जी बाई प्रत्येक शांततेला पळत आली होती, ती त्या दिवशी शांततेच्या दिशेने पळाली. "भामे! ए भामे! फिर मागं!" साठीची बाई, चढ, पायात काही नाही. ती बाभळीजवळ पोचली तेव्हा भामाबाई, राधाकिशनचे ओरडणे थट्टा समजून, अजून हसतच होती. दगडाबाईने तिला दंडाला धरून राधाकिशनच्या भिंतीआड ढकलले. ती स्वतः आत येणार तोच दणका झाला.

कवठाएवढा एक दगड माझ्या ओठावर बसला. विजेवाचून मी काढलेला तो माझा पहिला आवाज. दुसरा दगड दगडाबाईला लागला. ती भिंतीवर वाकली आणि तशीच राहिली.

भामाबाई तिला हलवत राहिली. "आक्का, उठा. आक्का, झालं आता, उडाला सुरुंग. उठा की." टेकाडाखाली, जिथवर त्या दिवशी दगड पोचले नव्हते, एकशे अठ्ठावन्न माणसे उभी होती आणि इतकी शांतता मी आजवर कधी ऐकलेली नाही. दगडाबाई उठली नाही.

गावात दुसऱ्या दिवशी बोलणे सुरू झाले की खाणीतल्या साती आसरा कोपल्या. आसरांनी बॅटरीत खारे पाणी ओतले नव्हते. कोणी म्हणाले, तिची वेळ भरली होती. वेळ मला ठाऊक आहे: अकरा वाजून वीस मिनिटे. ती भरण्याला एक काचेची बाटली, एक कपाट आणि चार वाजताची बैठक पुरेशी होती.

चौकशीला एक साहेब आले. बाभळीखाली खुर्ची टाकली. मी वर होतोच. भामाबाईला समोर बसवले.

"धोक्याची सूचना दिली होती का?"

"गाणं थांबलं व्हतं, सायब."

"म्हणजे सूचना दिली होती. मग पळाला का नाहीत?"

"रोजच थांबायचं."

साहेबांनी लिहून घेतले: सूचना मिळाली होती, मजुरांनी दुर्लक्ष केले. तेवढ्यात राधाकिशन बॅटरी उचलून घेऊन आला. त्याने ती फोडून आतल्या पांढऱ्या पट्ट्या उघड्या केल्या होत्या आणि आम्लाने त्याची बोटे भाजली होती.

"सायब, मी हिच्यात टँकरचं पाणी घातलं. दगडाआक्का बोलल्या म्हणून मला लाज वाटली. मी त्यांना सांगायला पायजे व्हतं."

"त्याचा इथे काय संबंध?" साहेब म्हणाले, आणि कागद मिटला.

ठराव मात्र चार वाजता मंजूर झाला होता. शिट्टी बाराव्या दिवशी आली. चांगली होती; दोन शेतांपलीकडे ऐकू जाई.

मला खाली उतरवले, पोचा तसाच ठेवला आणि नव्या बॅटरीवर लग्नांना पाठवू लागले. त्या वर्षीच्या वहीत शेळीचे गाणे पहिले आले: सहाशे अकरा वेळा. गुरुवारचे अर्धे गाणे राधाकिशनने त्यात धरलेले नाही. लोक दर लग्नात तेच मागत. मी वाजवत असे, कारण कर्ण्याला नको म्हणता येत नाही. तलाव पुढे पंच्याहत्तरला भरला. पाणी चांगले टिकले.

त्यानंतर काही वर्षांनी मी राधाकिशनसोबत नारायणगडाच्या जत्रेत होतो. कोणीतरी तेच जुने गाणे मागितले. ते संपले. दोन गाण्यांमध्ये चार-पाच सेकंद लागतातच. तेवढ्यात गर्दीत एक बाई वाकली, शेजारच्या अनोळखी बाईचा दंड धरला आणि तिला ओढत दगडी ओट्याआड घेऊन गेली. दोन्ही हात डोक्यावर.

"अगं सोड, येडी का खुळी!" ती अनोळखी बाई किंचाळली.

"गाणं थांबलं न्हाई का? बस खाली!"

माणसे पोट धरून हसली. ती भामाबाई होती. तिने मनात मोजले असावे, मीही मोजले. शंभर झाल्यावर ती उठली, पदर झटकला आणि कोणाकडेही न पाहता निघून गेली. राधाकिशनच्या हातातली दुसरी तबकडी तशीच राहिली.

पुढच्या वर्षीपासून त्याने एक नवी रीत धरली. आता माईक त्याच्याच गळ्यात असे. गाणे संपत आले की तो आवाज जरा कमी करी आणि माझ्या तोंडून सांगे, "मंडळी, गाणं संपतंय. दुसरं लावतोय. भ्यायचं कारण न्हाई." प्रत्येक गाण्यानंतर, दिवसातून साठ-सत्तर वेळा. लोक त्याच्या नकला करीत. ओट्याला पाठ लावून भामाबाई उभी असे. ते वाक्य पुरे ऐके, मान हलवी, आणि जागेवरच राही.

मित्रांनो, आज मी सोसायटीच्या गोडाऊनात आहे आणि माझा पडदा फाटला आहे, म्हणून हे हळू सांगतो. यंत्राला जे पाणी लागते ते त्याला द्या, आणि का देता ते बघणाऱ्याला सांगा. एखादे गाणे, एखादा दिवा, एखादे माणूस अचानक गप्प झाले तर हसू नका, अंदाज बांधू नका. का गप्प झाले ते विचारा. आणि ते का गप्प झाले हे तुम्हाला ठाऊक असेल, तर मोठ्याने सांगा. लाज वाटली तरी सांगा.